ठेका धरा, बाकीचं मागून येईल

गेल्या अंकात मी माझ्या आवडत्या फंक, जॅझ आणि आफ्रिकी रेकॉर्डबद्दल लिहिलं होतं आणि तुमच्याही आवडीच्या कळवा, असं म्हटलं होतं. पत्रांत आवडीनिवडींपेक्षा प्रश्नच जास्त आले, याचा मला आनंद आहे. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देते. मी तबला शिकवते, तेव्हा उत्तरं लयीच्या अंगानेच येणार.

अमेरिकी गायक जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' तुमच्या सांगण्यावरून ऐकलं. सात मिनिटं एकच तुकडा चालू राहतो. मुखडा नाही, अंतरा नाही. यात ऐकायचं तरी काय?
– एक विद्यार्थी, नाशिक

तू तबल्याचं एकल वादन ऐकलं असशील. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहऱ्याची एकच ओळ तासभर फिरत असते. हार्मोनियमवाला तेच तेच वाजवतो, अशी तक्रार कुणी करत नाही, कारण ती ओळ आपल्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवत असते. फंकमध्ये, म्हणजे जेम्स ब्राउन यांच्या या नाचाच्या संगीतात, हे काम बास गिटारकडे आहे. पण पुढे बसलेला एकल वादक इथे कुणी नाही. गिटार, ऑर्गन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम, सगळेच आपापला छोटासा लेहरा धरून बसलेत. प्रत्येकाच्या ओळीत मुद्दाम सोडलेली जागा आहे आणि त्या जागेत दुसऱ्याचा सूर पडतो.

त्याआधीच्या अमेरिकी नाचाच्या संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायची. जेम्स ब्राउन यांनी सगळं वजन पहिल्या मात्रेवर आणलं. वादकांना ते एकच सांगायचे: पहिली मात्रा सगळ्यांनी मिळून पकडा, मग मधल्या जागेत काय करायचं ते करा. 1967 सालचं 'कोल्ड स्वेट' ऐक, तिथे हे पहिल्यांदा पुरतं उघड झालं. ती सम एकदा कानात बसली की कंटाळा जातो, कारण पुढच्या समेची ओढ लागते.

आता 'फंकी ड्रमर'. हे 1969च्या नोव्हेंबरात सिनसिनाटीला ध्वनिमुद्रित झालं, ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. पहिल्या वेळी फक्त बास ऐक, दुसऱ्या वेळी फक्त गिटार. तिसऱ्या वेळी स्टबलफील्ड यांचा डावा हात. स्नेअर नावाच्या ड्रमवर मोठा ठोका पडतो तो सगळ्यांनाच ऐकू येतो, पण दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे काठी नुसती कातड्याला टेकवल्यासारखे बारीक बारीक ठोके आहेत. ठेक्यातल्या मुख्य बोलांच्या मधे आपण हलके भरीचे बोल टाकतो, तशी ही भर आहे. ती काढली तर ठोके तेच राहतील आणि चाल लंगडी होईल. पाच मिनिटं उलटल्यावर ब्राउन बाकीच्यांना थांबवतात आणि ड्रम एकटा उरतो. जेमतेम वीस सेकंद. त्या वीस सेकंदांत स्टबलफील्ड काहीही करामत करत नाहीत, आधीचाच ठेका तसाच वाजवत राहतात. माझ्या वर्गात मी हा तुकडा मुद्दाम लावते. एकट्याने वाजवायची संधी मिळाली की मुलांचे हात लगेच पळायला लागतात, म्हणून.

पुढे हिप-हॉपवाल्यांनी याच वीस सेकंदांवर शेकडो गाणी उभारली. गाण्याच्या रचनाकारांत स्टबलफील्ड यांचं नाव नव्हतं, त्यामुळे त्याची रॉयल्टी त्यांना मिळाली नाही. 2017 साली ते गेले. ठेका ही रचना नव्हे, असं मानणाऱ्या कायद्याचा मला आजही राग येतो.

'काइंड ऑफ ब्लू' सोडून बाकीचं जॅझ डोक्यावरून जातं. पुढची पायरी कोणती?
– निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

तुम्ही पायरीवरच उभे आहात. माइल्स डेव्हिस यांच्या 1959च्या त्या रेकॉर्डमधलं पहिलंच 'सो व्हॉट' आठवा. बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. जेम्स ब्राउन यांचे सॅक्सोफोनवादक आणि संयोजक पी वी एलिस यांनी सांगून ठेवलंय की 'कोल्ड स्वेट'मधली ट्रम्पेट-सॅक्सोफोनची ओळ त्यांना तिथूनच सुचली. म्हणजे जॅझमधून फंककडे जाणारी वाट तुमच्या घरातच आहे.

त्या वाटेने पियानोवादक हर्बी हॅन्कॉक यांच्या 'हेड हंटर्स'पर्यंत (1973) या. दुसरंच गाणं 'वॉटरमेलन मॅन' शिट्टीसारख्या आवाजाने सुरू होतं. बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकून तो काढतात. एक फुंकर, लगेच तोंडाने एक सूर, पुन्हा फुंकर. मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणारे बा-बेंझेले लोक एका सुराच्या बासरीबरोबर आपला गळा असा गुंफतात, त्यावरून ते घेतलंय.

माइल्स डेव्हिस यांचं 'ऑन द कॉर्नर' (1972) मात्र सवडीने घ्या. त्यात तबल्यावर बादल रॉय आहेत. न्यूयॉर्कमधल्या हॉटेलात वेटरचं काम करून तबला वाजवणारा हा माणूस, आणि तो तबला विजेच्या वाद्यांच्या गर्दीत कुठल्याही तालाचं आवर्तन न दाखवता नुसता धावत राहतो. आपल्या कानांना सुरुवातीला ते रुचत नाही. मलाही रुचायला वेळ लागला, पण आता त्या रेकॉर्डमधलं मला सगळ्यात प्रिय तेच आहे.

आमच्या शेजारी इथिओपियाहून शिकायला आलेला मुलगा राहतो. त्याने ऐकवलेल्या गाण्यात मला सरळ भूप ऐकू आला. हा माझ्या कानांचा भास का?
– एक गृहिणी, पुणे

भास मुळीच नव्हे, तुमचे कान उत्तम आहेत. इथिओपियाच्या डोंगराळ भागातलं संगीत पाच सुरांच्या चौकटींवर चालतं. त्यातली 'तिझिता' नावाची चौकट सा रे ग प ध अशी आहे, म्हणजे भूपाचेच सूर. तिच्याच दुसऱ्या प्रकारात गंधार आणि धैवत कोमल होतात. 'अंबासेल' नावाची आणखी एक चौकट आहे, ती सा, कोमल रे, म, प, कोमल ध अशी. पेटीवर वाजवून बघा, सकाळचा गुणक्री समोर उभा राहील. अर्थात सूर जुळले म्हणून राग जुळला असं होत नाही. वादी-संवादी, न्यास, स्वरांची ये-जा यांचं आपलं शास्त्र तिथे लागू नाही आणि त्यांच्या गळ्यातलं कंपन त्यांचंच आहे. शिवाय बरीच गाणी सहा मात्रांत झुलतात. दादऱ्याच्या अंगाने हात ठेवा, चटकन सापडेल.

त्या मुलाला मुलातू अस्तात्के यांच्याबद्दल विचारा, तो खूश होईल. 1943 साली जिम्मा गावी जन्मलेले मुलातू इंजिनिअर व्हायला ब्रिटनला गेले आणि लंडनच्या ट्रिनिटी संगीत महाविद्यालयात पोचले. तिथून बोस्टनचं बर्कली संगीत महाविद्यालय. व्हायब्राफोन हे त्यांचं वाद्य: धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, सूर हवेत रेंगाळतो. आपल्या मुलखातल्या पाच सुरांच्या खाली त्यांनी जॅझची संगत आणि लॅटिन ठेका घातला. त्यांची 'मुलातू ऑफ इथिओपिया' (1972) शोधा. ती मिळाली नाही तर पॅरिसहून निघालेल्या 'एथिओपीक' मालिकेचा चौथा भाग घ्या, तो सगळा त्यांचाच आहे.

त्या काळात अदिस अबाबात रेकॉर्ड काढायची मुभा सरकारी संस्थेलाच होती. अम्हा एशेते या तरुण दुकानदाराने 1969 साली ती बंदी न जुमानता स्वतःची कंपनी काढली आणि पाच-सहा वर्षांत एका शहराचं संगीत जपून ठेवलं. 1974 साली लष्कराने सत्ता घेतली. संचारबंदी लागली आणि रात्रीचे क्लब ओस पडले. म्हणून त्या सालापर्यंतच्या रेकॉर्ड मी फार जपून हाताळते.

भावाने अमेरिकेहून जुना टर्नटेबल पाठवला. ट्रान्सफॉर्मर लावला तरी गाणी रडकी वाजतात. शिवाय पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी आली आहे.
– एक वाचक, ठाणे

ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50. जुन्या टर्नटेबलांची मोटर या हर्ट्झवरच फिरते, त्यामुळे मिनिटाला 33⅓ ऐवजी जेमतेम 28 फेरे पडतात आणि सूर सुमारे तीन पट्ट्या खाली येतो. काळी चारमधलं गाणं तुम्ही पांढरी चारमध्ये ऐकताय. 50 हर्ट्झची पुली मिळते का बघा, मोटरच्या दांड्यावर ती बदलता येते. नाही मिळाली तर डीसी मोटरचा टर्नटेबल घेतलेला बरा.

बुरशीसाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचा अगदी थेंबभर द्रव टाका आणि मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, गोल फिरवत पुसा. खाचांना आडवं घासू नका. मधलं लेबल भिजवू नका. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत उभी वाळवा. आतली कागदी पिशवी टाकून द्या, बुरशी तिच्यातूनच परत येते. आणि घरात 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

नायजेरियाचे गायक फेला कुटी यांची 'झॉम्बी' ऐकली, अंगात आली. मग त्यांनी सत्तावीस जणींशी एकाच वेळी लग्न केल्याचं वाचलं आणि मन खट्टू झालं. अशा माणसाला डोक्यावर घ्यावं का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

डोक्यावर घेऊ नये. ऐकावं जरूर. 1978 सालचं ते लग्न खरं आहे, आणि 'लेडी' (1972) हे त्यांचं गाजलेलं गाणं बरोबरीचा हक्क मागणाऱ्या बाईची टर उडवतं. ठेका अप्रतिम आहे, पण शब्द कळल्यापासून मी ते लावत नाही.

'झॉम्बी'ची गोष्ट वेगळी. 1976 सालचं हे गाणं, हुकूम मिळाला की डोकं न चालवता चालणाऱ्या शिपायांवर. 18 फेब्रुवारी 1977 रोजी नायजेरियाच्या सैनिकांनी लागोसमधल्या त्यांच्या घरावर धाड घातली, माणसांना झोडपलं, घर जाळलं. फेला यांच्या वृद्ध आईला, फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांना, खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी त्या वारल्या. या बाईंचं नाव तुमच्या वर्गातल्या मुलींना जरूर सांगा. अबेओकुटा गावात बाजारात बसणाऱ्या बायकांवर लादलेल्या कराविरुद्ध त्यांनी 1940च्या दशकात हजारो जणींना एकत्र केलं आणि 1949 साली तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. मुलाच्या संगीतातला निडरपणा मला या घरातूनच आलेला वाटतो.

आणि ही रेकॉर्ड एकट्या फेलांची मानू नका. ड्रमवर टोनी ॲलन आहेत. हाय-हॅटचं, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचं, काम ते अमेरिकी ड्रमर मॅक्स रोच यांचे जॅझ मासिकात आलेले धडे वाचून शिकले. त्यांचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या गोष्टी बोलतात, आवाज मात्र कुठेच चढत नाही. पायातला ड्रम आपल्याला वाटतो तिथे न पडता किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडतो, म्हणून बारा मिनिटांतही गाणं जड होत नाही. ॲलन नसते तर आफ्रोबीट, म्हणजे फेलांचं हे संगीत, झालंच नसतं, असं खुद्द फेला म्हणत. 'वॉटर नो गेट एनिमी' (1975) लावा आणि मनात काही किंतु न ठेवता ऐका. पाण्याशी कुणाचं वैर नाही, एवढंच त्यात सांगितलंय.

पेन्शनमध्ये एकच रेकॉर्ड बसते. कुठली घेऊ?
– एक वाचक, रत्नागिरी

'मॅननबर्ग – इज व्हेअर इट्स हॅपनिंग', 1974. दक्षिण आफ्रिकेचे पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम यांची. तेव्हा ते डॉलर ब्रँड या नावानेही ओळखले जात. केपटाउनमधला डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र वस्तीचा भाग सरकारने 1966 साली गोऱ्यांसाठी राखीव केला आणि तिथल्या हजारो कुटुंबांना शहराबाहेरच्या वैराण माळावर नेऊन टाकलं. मॅननबर्ग ही तसल्या वस्त्यांपैकी एक. गाण्यात शब्द नाहीत. तरी 1980च्या दशकात वर्णभेदाविरुद्धच्या सभांमध्ये ते वाजलं की लोक उठून उभे राहत.

पियानोच्या आतल्या हातोड्यांना टाचण्या टोचलेल्या आहेत, म्हणून सूर पत्र्यावर पडल्यासारखा खणखणीत येतो, गुत्त्यातल्या जुन्या पियानोसारखा. चारच कॉर्ड फिरत राहतात, घाई कशाचीच नाही. त्यावर बेसिल कुटसी यांचा टेनर सॅक्सोफोन बोलायला लागतो, आणि या एका वादनानंतर लोक त्यांना 'मॅननबर्ग' याच नावाने हाक मारू लागले.

ही रेकॉर्ड काढली रशीद वॅली यांनी. जोहान्सबर्गमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला हा माणूस, त्यांच्या रेकॉर्डच्या दुकानाचं नाव 'कोहिनूर'. दुकानाबाहेरच्या स्पीकरवर त्यांनी हे वादन लावलं आणि रस्त्यावरून जाणारे लोक आत येऊन ते मागायला लागले. त्यांच्या कंपनीचं नाव 'अस-शम्स', म्हणजे सूर्य, आणि लेबलवर ते बघूनच घ्या. एक पूर्ण बाजू या एकाच वादनाची आहे, तेरा मिनिटांहून जास्त. दुसऱ्या बाजूला 'द पिल्ग्रिम' आहे. पहिली बाजू आवडली म्हणून ती ऐकायची राहू देऊ नका.