कॅम्पर ट्रेलरचं टो बॉलवरचं वजन किती असावं आणि घरी कसं मोजावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नमध्ये सेकंडहँड सॉफ्ट फ्लोअर कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा घडीच्या तंबूचा ट्रेलर घेतलाय. त्याच्या प्लेटवर एटीएम, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन, १५०० किलो आहे आणि बॉल वेट, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर जोडतात त्या टो बॉलवर पडणारं वजन, ८५ किलो. तुमच्या एसयूव्हीच्या पुस्तकात बॉलवर जास्तीत जास्त १५० किलो असं दिलंय. एक मित्र ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के म्हणतो, दुसरा म्हणतो बॉलवर जितकं हलकं तितकं गाडीला बरं.

दुसऱ्या मित्राचं ऐकू नका. हलका बॉल गाडीला बरा वाटतो तो फक्त घरासमोर उभं असेपर्यंत.

माझं बालपण तासगावकडच्या एका गावात गेलं. ज्वारीची पोती बैलगाडीत भरली की निघण्याआधी आजोबा जू हाताने उचलून बघायचे. सहज वर आलं तर म्हणायचे, "गाडी उलाळ झाली, दोन पोती पुढं घ्या." मागे भार जास्त झाला की जू वर उठतं आणि जोतं बैलाच्या गळ्याला आवळतं. उलट जू हलेचना, तर गाडी धुरजड, सगळं ओझं बैलाच्या मानेवर. मग एखादं पोतं मागे सरकवायचे. टो बॉलचा सगळा हिशेब एवढाच आहे. जुवाच्या जागी बॉल आणि बैलांच्या जागी तुमची एसयूव्ही. हे मला ऑस्ट्रेलियात येऊन, ट्रेलर घेऊन, एकदा जिवावर बेतल्यावर कळलं.

आम्ही ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात चार दिवस राहून मेलबर्नला परत येत होतो. जाताना ट्रेलर अगदी शहाण्यासारखा मागे आला होता. येताना वेस्टर्न फ्रीवेवर पेंटलंड हिल्सचा उतार लागला, बॅकस मार्शच्या अलीकडचा. शंभरच्या आसपास वेग होता. शेजारून एक मोठा ट्रक पुढे गेला, वाऱ्याचा झोत बसला आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला. पहिला हेलकावा लहान होता, दुसरा मोठा, तिसऱ्याला गाडीचा मागचा भाग त्याच्यामागे ओढला जातोय हे सीटमध्ये बसल्या जागी जाणवलं. बायकोने दाराचा दांडा घट्ट धरला होता, मागे मुलं झोपलेली. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, वेग सत्तरवर आला तेव्हा ट्रेलर शांत झाला. पुढच्या थांब्यावर उतरलो तेव्हा माझे पाय थरथरत होते.

घरी येऊन वही घेऊन बसलो. सामान तेच, ट्रेलर तोच, मग बदललं काय? माझ्या ट्रेलरची पाण्याची टाकी आसाच्या पुढे ८० सेंटिमीटरवर आहे. जाताना तिच्यात ८० लिटर पाणी होतं, येताना ती रिकामी. आस ते कपलिंग, म्हणजे ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड, हे अंतर ३.२ मीटर. ८० किलो गुणिले ०.८ भागिले ३.२, म्हणजे बॉलवरचे २० किलो गेले. पुढच्या पेटीतला, फ्रिजमधला आणि बाहेरचा शिधा, साधारण ३० किलो, आसाच्या पुढे २ मीटरवर. तो खाऊन संपला, आणखी १९ किलो गेले. आणि जाताना गाडीच्या टपावर असलेल्या मुलांच्या दोन सायकली येताना मी ट्रेलरच्या मागच्या रॅकवर बांधल्या, आसाच्या मागे २.१ मीटरवर ३० किलो. त्यांनी बॉल २० किलोने वर उचलला. जाताना १३०० किलोच्या ट्रेलरचे ११५ किलो बॉलवर होते, जवळजवळ ९ टक्के. येताना १२२० किलोवर फक्त ५६ राहिले, पाच टक्क्यांच्याही खाली. उलाळ गाडी घेऊन मी बायकोमुलांसकट उतार उतरत होतो.

म्हणून प्लेटवरच्या ८५ किलोंवर विसंबू नका. तो रिकाम्या ट्रेलरचा आकडा आहे. गॅसची टाकी, पाणी, बॅटरी, फ्रिज, तंबू, भांडी चढली की तो कुठेही जाऊ शकतो. इथे ऑस्ट्रेलियात धरायचा आकडा म्हणजे भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० टक्के. ब्रिटनमधले लोक ५ ते ७ टक्के सांगतात आणि अमेरिकेतले १० ते १५. त्यामुळे इंटरनेटवर वाचताना लिहिणारा कुठला आहे ते आधी बघा. तिकडचे ट्रेलर, तिकडच्या गाड्या आणि तिकडची वेगमर्यादा वेगळी आहे.

आता मोजायचं कसं. ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर मोजता येतं: ट्रेलर सुटा उभा करून पूर्ण वजन, मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवून वजन. दोन्हींतला फरक म्हणजे बॉल वेट. एकूण वजनासाठी काट्यावर एकदा जाऊन याच. पण ट्रकचे काटे बरेचदा २० किलोच्या टप्प्याने दाखवतात, आणि तुमच्या १३०-१४० किलोंच्या हिशेबात २० किलोची चूक परवडत नाही. बॉल वेट घरीच मोजा.

ट्रेलर प्रवासाला भरतो तसा पूर्ण भरा, सपाट जागी उभा करा, चाकांना पुढून मागून ठोकळे लावा. गाडीत माणसं आणि सामान असताना बॉल जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजून ठेवा. कपलिंग त्याच उंचीवर असताना वजन घ्यायचं. तिरक्या ट्रेलरचा आकडा खोटा असतो. बाथरूमचा वजनकाटा जमिनीवर ठेवा आणि काट्याच्याच उंचीची एक वीट थोड्या अंतरावर ठेवा. दोन्हींवर एक जाड फळी आडवी टाका. फळीचे दोन टेकू ९० सेंटिमीटरवर असतील तर विटेपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे एक तृतीयांशावर, लाकडाचा एक खुंट उभा करा आणि जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढच्या टोकाला आधार देणारं, वरखाली होणारं छोटं चाक) हळूहळू वर घेत कपलिंग त्या खुंटावर टेकवा. खुंटाची लांबी अशी कापा की फळीसकट उंची बरोबर येईल. जॉकी व्हील पूर्ण सुटलं की काटा बॉल वेटचा एक तृतीयांश दाखवतो. फळी आणि खुंटाचा आधी दाखवलेला आकडा वजा करा आणि तीनने गुणा. सुईचा जुना काटा असेल तर तोच वापरा. डिजिटल काटे वजन हळूहळू येत असताना मध्येच आकडा पक्का करून टाकतात.

काही जण जॉकी व्हीलखाली काटा ठेवून मोकळे होतात. जॉकी व्हील कपलिंगच्या मागे, आसाच्या जवळ असतं, म्हणून तिथे आकडा जास्त येतो आणि आपल्याला वाटतं भरपूर वजन आहे. तसंच मोजायचं असेल तर आस ते जॉकी व्हील अंतराने गुणून आस ते कपलिंग अंतराने भागा.

हे दोनदा करा: पाण्याची टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना. माझा घात दुसऱ्या स्थितीत झाला.

आकडा कमी आला म्हणून पुढच्या पेटीत दगडधोंडे भरू नका. मागे जड आणि पुढेही जड करून काट्यावर १० टक्के जुळवता येतात, पण तो ट्रेलर वाईटच चालतो. भरलेली कावड खांद्यावर घेऊन झटकन वळून बघा, टोकांची वजनं तुम्हाला कशी फिरवत नेतात ते. जड वस्तू आसावर किंवा त्याच्या जरा पुढे, तळाशी. हलकं टोकांना. मागच्या दारावर जेरी कॅन आणि सायकली शक्यतो नकोच.

जास्त वजनही तितकंच वाईट. बॉल गाडीच्या मागच्या आसापासून बराच मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखा काम करतो. समजा बॉल आसाच्या १.१ मीटर मागे आणि व्हीलबेस, म्हणजे गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर, २.७ मीटर. बॉलवर १२० किलो टाकले की पुढच्या चाकांवरून ४९ किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर १६९ चढतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. स्प्रिंगमध्ये एअरबॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या टाकल्या की गाडी सरळ दिसते, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही. आणि बॉलवरचे किलो गाडीच्या जीव्हीएममध्येच, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीच्या एकूण वजनाच्या मर्यादेतच मोजले जातात. १३० किलो म्हणजे डिकीत दोन माणसं बसवल्यासारखं. मागच्या सीटवर आई-बाबा असतील तर हा हिशेब आधी मांडा.

तुमच्या बाबतीत, भरलेला ट्रेलर १४०० किलोपर्यंत जाईल असं धरू. मी १२० ते १४० ठेवेन, टाकी भरलेली असो वा रिकामी. १५० ची मर्यादा कोणत्याही स्थितीत ओलांडू नका, आणि बॉल ज्यावर बसवलेला असतो त्या टोबारवर वेगळी प्लेट असते तीही वाचा. दोन्हींतला लहान आकडा आपला.

एवढं करूनही कधी ट्रेलर हेलकावे खायला लागला तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंगने त्याच्याशी झुंजू नका. ॲक्सिलरेटर सोडा. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीतल्या कंट्रोलरचं बटण हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ते बटण कुठे आहे हे डोळे मिटून सापडलं पाहिजे. त्या दिवशी मला ते आठवलंसुद्धा नव्हतं.

मोजून झालं की दोन्ही वेळचे आकडे, आस ते कपलिंग अंतर आणि टाकी आसाच्या पुढे की मागे हे खाली लिहा. काय कुठे सरकवायचं ते मी गणित करून सांगतो.