हातात बी.कॉम. असेल तर ट्रान्सफरचा प्लॅन आधी बाजूला ठेवा

पुण्याचं बी.कॉम., नवऱ्याच्या एच-१ या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेला एच-४ (जोडीदाराचा व्हिसा), मुलगी शाळेत जायला लागल्यावर कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात घेतलेलं सांस्कृतिक मानवशास्त्र (अँथ्रोपॉलॉजी), सोबत पब्लिक स्पीकिंग, आणि कौन्सेलरने छापून दिलेला ‘दोन वर्षांत बर्कलीला ट्रान्सफर’चा प्लॅन, म्हणजे दोन वर्षं इथे करून उरलेलं बी.ए. बर्कली विद्यापीठात. तुमची पोस्ट वाचताना काही वर्षांपूर्वीची माझीच फाइल उघडल्यासारखं वाटलं. क्लास सुरू होऊन आठवडाच झालाय म्हणताय, म्हणून घाईने लिहितेय. रजिस्ट्रेशन, पार्किंग वगैरे तुम्ही निभावलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

एकच विचारते. प्लॅन बनवताना कौन्सेलरने तुमच्या बी.कॉम.चा विषय काढला का?

माझ्या वेळी काढला नव्हता. मी स्वतःहून सांगितलं, तर उत्तर आलं, “परदेशी युनिट्स (क्रेडिट्स) आम्ही धरत नाही, तुम्ही नव्याने सुरू करा.” पहिला अर्धा भाग खरा होता. यूसीसाठीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली तिचाच कॅम्पस) सामान्य शिक्षणाच्या यादीत (तेव्हा आयजेट्सी, आता कॅल-जेट्सी) भारतातले पेपर सहसा चालत नाहीत. पण पेपर धरत नाहीत म्हणून पदवी पुसली जात नाही ना! तुम्ही पदवीधर आहात, आणि ट्रान्सफर म्हणजे दुसऱ्या बॅचलरसाठी केलेला अर्ज. बर्कलीत मानवशास्त्र ज्या लेटर्स अँड सायन्स कॉलेजात येतं ते दुसऱ्या बॅचलरचे अर्ज घेत नाही. लॉस एंजेलिसचं यूसीएलएही घेत नाही. कॅल स्टेटमध्ये (राज्याची दुसरी विद्यापीठ-साखळी) प्रत्येक कॅम्पस आपलं ठरवतो आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या बॅचलरचं दार बंदच असतं. हे विद्यापीठांच्याच साइटवर लिहिलेलं असतं, पण ‘ट्रान्सफर’च्या पानावर नाही, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या प्रश्नोत्तरांत. ज्याचा पगारच ट्रान्सफरचे प्लॅन बनवण्यासाठी आहे त्या ऑफिसला ते माहीत नसावं, याचा राग अजून गेलेला नाही. कॉलेजचं नाव घेत नाही. तिथले शिकवणारे फार चांगले होते.

त्या प्लॅनपायी मी पब्लिक स्पीकिंग केलं, बी.कॉम.ला घोकलेलं स्टॅटिस्टिक्स पुन्हा केलं, अमेरिकन सरकार केलं. संध्याकाळचे क्लास, घरी कुकर लावून पळायचं, नवऱ्याची मीटिंग लांबली की मुलगा गाडीच्या मागच्या सीटवर होमवर्क करणार. आणि यूसीचा अर्ज भरायला बसले तेव्हा तिथे आधीच्या सगळ्या कॉलेजांची माहिती मागितलेली. एका मैत्रिणीने सल्ला दिला, “इंडियाचं लिहूच नकोस, कोण बघतंय!” हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. कृपा करून ऐकू नका. आधीचं शिक्षण लपवल्याचं कळलं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, आणि आपण इथे व्हिसावर आहोत.

मग करायचं काय? माझं मत (वकील नाही, कौन्सेलर नाही, फक्त कॅलिफोर्नियातलं माहीत आहे, नियम बदलतात): दुसरं बॅचलर विसरा, थेट एम.ए.कडे बघा. बी.ए. मानवशास्त्रातलंच हवं असा आग्रह बऱ्याच एम.ए.ला नसतो, विषयाचा पाया मात्र दाखवावा लागतो, आणि कम्युनिटी कॉलेज त्यासाठी उत्तम आहे. सांस्कृतिक, जैविक (लॅबसकट) आणि पुरातत्त्व हे तीन कोर्स, जमलं तर भाषिक मानवशास्त्र. बास. उदाहरणार्थ सॅन होजे स्टेटला उपयोजित मानवशास्त्रात एम.ए. आहे.

पण त्याआधी एक खड्डा आहे. आपलं बी.कॉम. तीन वर्षांचं. माझी गंमत अशी झाली की बॅचलरच्या खिडकीवर मी पदवीधर म्हणून बाद, आणि मास्टर्सच्या खिडकीवर तीनच वर्षांची पदवी म्हणून अपुरी! परदेशी पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थाही एकसारखं बोलत नाहीत. काही जणी कॉलेजची नॅक श्रेणी आणि तुमचा वर्ग बघून तीन वर्षांची पदवी पूर्ण बॅचलर धरतात, काही धरत नाहीत. त्यामुळे आधी एम.ए.च्या विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करा: माझी पदवी अमुक विद्यापीठाची, तीन वर्षांची, चालेल का, कुठल्या संस्थेचं मूल्यांकन लागेल? उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं “शुड बी फाइन” कुठेच दाखवता येत नाही. मूल्यांकन ‘कोर्स-बाय-कोर्स’ मागवा, नुसत्या पदवीचं स्वस्तातलं नको. पुण्याहून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट काढायला जो वेळ लागतो तो वेगळाच, तेव्हा कुणाला तरी आजच कामाला लावा. ज्यांचं भारतात एम.कॉम. झालंय त्यांचा हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही.

फीचंही बघा. तुम्ही युनिटला काही शे डॉलर भरताय असं लिहिलंय, म्हणजे तुम्हाला नॉन-रेसिडेंट (राज्याचे रहिवासी नसलेले) धरलंय. रहिवाशांना युनिटला ४६ डॉलर पडतात, तीन युनिटचा कोर्स १३८ला. एफ-१ला (विद्यार्थी व्हिसा) हे मिळत नाही, पण एच-४ला मिळू शकतं. सेमिस्टर सुरू होण्याआधी वर्षभर कॅलिफोर्नियात राहिलेलं असावं लागतं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसावा लागतो: राज्याचा टॅक्स रिटर्न, लायसन्स, भाडेकरार. खिडकीवरच्या मुलाने “व्हिसा आहे म्हणजे नाही” म्हटलं तर वाद न घालता रेसिडेन्सी बघणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव मागा.

आता विषयाबद्दल, कारण नुसते कागद वाचून तुम्ही पळून जाल. जैविक मानवशास्त्राची लॅब ऑनलाइन घेऊ नका. टेबलावर कवट्यांचे साचे मांडलेले असतात, हातात कॅलिपर देतात. कवटी उलटी केली की खाली मज्जारज्जू जातो ते भोक दिसतं. चिंपांझीचं मागे सरकलेलं, आपलं जवळजवळ मधोमध, कारण आपलं डोकं उभ्या कण्यावर तोललेलं. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या टाऊंगच्या बाळाची (माणसाच्या प्राचीन नातलगाची) कवटी बघून शरीरशास्त्रज्ञ रेमंड डार्टने हा प्राणी दोन पायांवर चालत होता असं म्हटलं ते याच भोकावरून. ते बोटाने चाचपल्यावर जे डोक्यात बसतं ते स्क्रीनवर बसत नाही. मला तिथे इरावतीबाई कर्वे आठवायच्या. त्यांनी बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्याच मोजल्या होत्या, आणि गुरूला हवा तो वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष मोजमापांतून निघत नाही म्हणून तो काढला नाही.

सांस्कृतिकच्या क्लासला निरीक्षणाचा एक पेपर असतो. मी आपल्या मंडळाचा गणपती घेतला आणि वहीत लिहिलं, “सगळे आनंदात होते.” बाईंनी त्याला गोल करून बाजूला लिहिलं, “कशावरून?” दुसऱ्या दिवशी नुसती बघत उभी राहिले. माइक कोणाच्या हातात, मोदकांची पातेली कोण घासतंय, मुलं आरतीचे शब्द तोंडातल्या तोंडात कुठे गिळतात, नवीन आलेली कुटुंबं भिंतीला टेकून का उभी. पाच पानं भरली. तुम्हीही ओळखीचीच जागा घ्या, फक्त लोकांची नावं बदला.

पुस्तकांवर पैसे घालवू नका. कम्युनिटी कॉलेजांत मानवशास्त्र शिकवणाऱ्यांच्या संघटनेने सांस्कृतिक आणि जैविक दोन्हींची पाठ्यपुस्तकं नेटवर फुकट ठेवली आहेत. शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण अर्धवेळ असतात, एकाच आठवड्यात दोन-तीन कॉलेजांत फिरतात आणि पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. शिफारसपत्र लागणार हे सेमिस्टर संपायच्या आत सांगून ठेवा, आणि त्यांचा कॉलेजबाहेरचा ईमेल घ्या.

“याला नोकरी मिळते का” हे सासूबाईंनी विचारलंय असं तुम्ही लिहिलंय. मिळते, थोडी. कॅलिफोर्नियात मोठं बांधकाम करायचं तर पर्यावरण कायद्याखाली (१९७० चा सीक्वा) जमिनीखाली काय आहे ते तपासावं लागतं, केंद्राचा पैसा किंवा परवानगी असेल तर १९६६ चा वारसा कायदाही लागतो. त्यातून पुरातत्त्ववाल्यांना कामं निघतात. मी अशाच एका लॅबमध्ये शिंपल्यांचे तुकडे आणि ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखीच्या काचेच्या) छिलक्या धुऊन, मोजून, नंबर घालते. पगार आयटीवाल्यांना हसू येईल असा आहे. प्रत्यक्ष खोदकामाच्या जागेवरचं काम हवं तर फील्ड स्कूल (खोदकाम शिकवणारा कोर्स) केलेलं असावं लागतं. आणि एच-४वर वर्क परमिट नसेल तर ‘बिनपगारी इंटर्नशिप चालते’ हेही गृहीत धरू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

बर्कलीशेजारच्या एमरीव्हिलच्या बे स्ट्रीट मॉलला कधी गेलात तर लक्षात असू द्या, तिथे ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांचा प्रचंड शेलमाउंड (शिंपल्यांचा टेकाड) होता, शिंपले, राख आणि पुरलेली माणसं. १९०२ मध्ये पुरातत्त्वज्ञ माक्स ऊलेने तिथे खोदकाम केलं. आता शेजारीच आइस्क्रीम मिळतं. सांस्कृतिकच्या पुढच्या पेपरला विषय आयता आहे, पण ओलोनी आजही इथेच राहतात आणि याबद्दल बोलतात, ते वाचून मगच लिहा.

तर या आठवड्यात: तुमचं बी.कॉम. एम.ए.ला चालतं असं विभागाकडून कळलं की पब्लिक स्पीकिंग ड्रॉप करा. सेमिस्टर पूर्ण लांबीचं असेल तर साधारण पहिल्या दोन आठवड्यांत फी परत मिळते, नेमकी तारीख पोर्टलवर कोर्सच्या पुढे दिलेली असते. त्या मुदतीत उत्तर आलं नाही तरी मी असते तर सोडलाच असता. सांस्कृतिक सोडू नका. जैविकच्या लॅबची वेटलिस्ट असेल तर नाव घालून पहिल्या तासाला जाऊन बसा, जागा होतात.