सिंगापुरात विकायला असलेले जुने चिनी बुटके टेबल घ्यावे का?

सिंगापुरातील एक विक्रेता 'अठराव्या शतकातले, झितान लाकडाचे' असे सांगून एक चिनी बुटके टेबल विकत आहे, आणि ते घेऊन पुढे पुण्याच्या घरी न्यावे का, असे आपण विचारले आहे. जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून आधी एक विनंती करतो: टेबल उलटे करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

असे टेबल मुळात जमिनीवर ठेवण्यासाठी नसते. उत्तर चीनमधील घरांत 'कांग' नावाचा विटांचा रुंद ओटा असतो. चुलीचा गरम धूर त्याच्या पोटातून फिरवलेला असल्यामुळे हिवाळ्यात घरातली माणसे त्यावरच बसतात, जेवतात आणि झोपतात. टेबल त्या ओट्यावर ठेवत, त्यामुळे त्याची उंची साधारण २५ ते ३० सेंटिमीटर असते. चौरंगाची सवय असलेल्या आपल्या माणसांना ती लगेच ओळखीची वाटते.

उलटे केल्यावर प्रथम सांधे पाहा. जुन्या कामात वरची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, म्हणजे हवामानाप्रमाणे लाकूड फुगले किंवा आकसले तरी ती तडकत नाही. पाय आणि चौकट कुसवांनी, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवून, जोडलेली असतात, आणि फळीखाली आडव्या पट्ट्या खाचेत सरकवलेल्या असतात. मूळ बांधणीत खिळा किंवा स्क्रू नसतो. पुष्कळदा खालच्या बाजूस काळसर रोगणाचा थर आणि त्यात चिकटवलेले जाडेभरडे कापड दिसते. माझ्याकडे आलेल्या एका टेबलाचा वरचा भाग खरोखर जुना वाटत होता, पण तळाशी गोल करवतीच्या कमानदार खुणा होत्या, आणि अशी करवत अठराव्या शतकातल्या चिनी सुताराकडे नव्हती. पायांची टोकेही तपासा, कारण उंच टेबल कापून बुटके करण्याचा उद्योग बराच चालतो. घोड्याच्या खुरासारखा आत वळलेला शेवट अपेक्षित असेल तिथे सपाट, ताजा काप दिसला तर समजून घ्यावे.

आता लाकडाविषयी. झितान म्हणजे आपले रक्तचंदन, जे मुख्यतः आंध्रच्या दक्षिण भागातील डोंगरांत वाढते. सूज उतरवायला सहाणेवर उगाळायची आजीची बाहुली आठवत असेल, तेच हे लाकूड. ते इतके जड असते की पाण्यात बुडते. बाजारात मात्र मादागास्करमधील एक शिसवाच्या कुळातले लाकूडही 'मोठ्या पानांचे झितान' या नावाने विकले जाते आणि पॉलिशखाली डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून तळाच्या न दिसणाऱ्या भागातून बारीक ढलपी काढून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. लाकूड कोणते ते त्यावरून कळेल, वय मात्र कळणार नाही. त्यासाठी बांधणीच पाहावी लागते.

धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'साइट्स' नावाचा करार आहे आणि रक्तचंदन १९९५ पासून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे टेबल भारतात नेण्याआधी कोणते परवाने लागतील, हे दोन्ही देशांच्या संबंधित कार्यालयांकडे लेखी विचारा आणि उत्तर हाती आल्यावरच व्यवहार करा. विक्रेता टेबल उलटे करू देत नसेल, तर मी तिथूनच परत फिरेन. बांधणी खरी जुनी पण लाकूड साधे निघाले, तर त्या साध्या लाकडाच्या भावाने मी ते आनंदाने घेईन.