पेले कोण धुणार? सभागृहातल्या कचऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सभागृहात ओल्या-सुक्याचे वेगळे डबे आहेत, पाट्याही आहेत. तरी कार्यक्रम संपला की सगळ्या डब्यांत सगळंच सापडतं. लोक पाट्या वाचत नाहीत का?

उत्तर : नाही वाचत. हातात खरकटी ताटली आणि शेजारी बोलणारं माणूस असलं की डब्यापाशी कोणी थांबत नाही. काम पाटीनं नव्हे, डब्याच्या जागेनं आणि त्याच्या तोंडाच्या आकारानं होतं. एकटा डबा कुठेच ठेवू नका. एकट्या डब्यात सगळंच पडतं. ओला आणि सुका जोडीनं, चिकटून, सगळीकडे त्याच क्रमानं ठेवा. बाटल्यांच्या डब्याच्या झाकणाला साधारण १० सेंमीचं गोल भोक पाडा, म्हणजे ताटली आत जातच नाही. पाटीवर मजकुरापेक्षा त्या दिवशी वापरात असलेली वस्तूच चिकटवलेली बरी.

हमखास विसरली जाते ती उरलेल्या पाण्याची बादली. अर्धी भरलेली एक बाटली सुक्या डब्यात सांडली की आतला सगळा कागद भिजतो आणि भंगारवाला तो घेत नाही. जोडीशेजारी चाळणी ठेवलेली बादली हवीच. पिशव्या पारदर्शक घ्या, चूक बाहेरून दिसते. शेवटी प्रत्येक पिशवी काट्यावर वजन करून लिहून ठेवा. ३०० माणसांमागे ३६ किलो भरलं तर माणशी १२० ग्रॅम. पुढच्या वेळी हाच आकडा खाली आला का, ते बघायचं.

प्रश्न : ३०० जणांसाठी स्टीलचे पेले किती लागतील? धुवायला एकच मोरी आहे.

उत्तर : ३०० पुरणार नाहीत. माणूस पेला कुठेतरी ठेवतो आणि पुन्हा तहान लागली की नवा उचलतो. तीन तासांना माणशी दोन-तीन पेले धरा. मध्यंतरात सगळे एकदमच पाण्यावर येतात, म्हणून साठा त्या गर्दीवर ठरवायचा, सरासरीवर नाही. ३०० अधिक एक तृतीयांश, म्हणजे ४००. बाकीचं धुऊन भागतं.

मोरी एक असली तरी टब चार हवेत. पहिल्यात गार पाणी. खरकट्यावर एकदम गरम पाणी ओतलं तर दुधाचा, अंड्याचा अंश आणखी घट्ट चिकटतो. दुसऱ्यात साबणाचं साधारण ४५ अंशांचं पाणी, तिसऱ्यात साधं स्वच्छ पाणी. चौथा टब निर्जंतुकीकरणाचा : ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच) लिटरला २ मिली, म्हणजे ४० लिटरला ८० मिली. त्यात दोन मिनिटं बुडवा.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तिसरा टब वेळेवर बदलला नाही तर साबण आणि खरकटं चौथ्यात जातं आणि क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो. पाणी गढूळ दिसलं की दोन्ही टब बदला. चौथ्यात गरम पाणी नको, क्लोरीन उडून जातो. पेले त्यात रात्रभर तर ठेवूच नका, स्टीलवर बारीक खड्डे पडतात. आणि हे द्रावण फरशीच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो.

पेले जाळीवर उपडे घालून वाऱ्यावर वाळवा. फडक्यानं पुसले तर फडक्यातले जंतू परत पेल्यावर येतात. ओले असताना एकात एक घालू नका. या कामाला धुणारे दोन आणि फिरून गोळा करणारा एक, असे तिघं लागतात. गोळा करणारा नसेल तर ४०० पेलेही कमी पडतील.

प्रश्न : 'कंपोस्टेबल' लिहिलेले पारदर्शक कप आणले. वर्षानं खताच्या खड्ड्यात ते तसेच निघाले. फसवणूक झाली का?

उत्तर : अर्धवट माहिती मिळाली, एवढंच. ते बहुधा पीएलएचे, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या प्लॅस्टिकचे असावेत. त्यांना कित्येक आठवडे ५८ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. छोटा खड्डा तितका वेळ तापलेला राहत नाही. पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या प्लॅस्टिक बाटल्यांच्या भंगारात टाकले तर तो मालही बिघडतो, कारण दोन्ही दिसायला सारखे असले तरी वेगळ्या तापमानाला वितळतात. औद्योगिक खतप्रकल्प असे कप घेतो याची लेखी खात्री असेल तरच मागवा.

प्रश्न : फ्लेक्सचे जुने बॅनर ढिगानं साठलेत. काय करावं?

उत्तर : जाळू नका. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसी. त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं असतात. रंगकामात जमिनीवर अंथरायला, सामानावर झाकायला तो उत्तम, फक्त अन्नाला लावू नका. पिशव्या शिवायच्या तर टाका ३-४ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्यानं भोकांची रांग पडते आणि तिथेच फाटतं.

खरा उपाय मात्र छपाईआधीचा. मुख्य बॅनरवर तारीख आणि 'कितवं वर्ष' छापूच नका. त्यासाठी वेगळी पट्टी वेल्क्रोनं लावा. बॅनर कोरडा करून, छापील बाजू बाहेर ठेवून पाइपवर गुंडाळा. घडी घातली तर घडीवरची शाई तडकते.

प्रश्न : मोडक्या प्लॅस्टिक खुर्च्या जोडता येतात का?

उत्तर : पाय मोडला असेल तर नाही. या खुर्च्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात आणि त्याला नेहमीचा गोंद धरत नाही. पाठीला तडा असेल तर तड्याच्या टोकाशी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, तडा पुढे सरकायचा थांबतो; मग पट्टी, बोल्ट आणि वॉशर लावा. उन्हानं पांढरट, खडूसारखी झालेली खुर्ची मात्र थेट भंगारात द्या. आज इथे जोडली तर उद्या ती दुसरीकडे मोडेल, आणि तेव्हा तिच्यावर कोणीतरी बसलेलं असेल.