अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजांची, म्हणजे हायस्कूलनंतरची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजांची, प्रादेशिक व्यवस्था कशी उभी राहिली? ती कुणी आखली होती का?

मुळात कुणीच आखली नव्हती. गोरगरिबांना शिकवायच्या कळवळ्यातून सुरुवात झाली असं वाटत असेल, तर तसंही नाही. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना पहिल्या दोन वर्षांचं अध्यापन विद्यापीठाच्या गळ्यात नकोच होतं. ते खालीच उरकावं आणि विद्यापीठाने पुढचं शिक्षण नि संशोधन पाहावं, असं त्यांचं मत. त्यातूनच १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला हायस्कूलच्याच आधाराने ज्युनियर कॉलेज (आपली अकरावी-बारावी नव्हे, पदवीची पहिली दोन वर्षं) निघालं. विद्यार्थी ६!

खरी मेख मात्र कॅलिफोर्नियात आहे. १९०७ च्या कायद्याने तिथल्या हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा मिळाली आणि १९२१ मध्ये या कॉलेजांसाठी वेगळे 'डिस्ट्रिक्ट' काढायची सोय झाली. हा डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. तो फक्त कॉलेजपुरता आखलेला परिसर. त्याचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ आणि स्थानिक मालमत्ता करातून येणारा पैसा. कर आपणच भरतोय म्हटल्यावर लोक विचारणारच, आमच्या मुलांना इथलं काम शिकवता का? म्हणून विद्यापीठात जाण्याची तयारी आणि हाताला काम देणारे अभ्यासक्रम एकाच छपराखाली आले. पुढे १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रपोझिशन १३' या तरतुदीने मालमत्ता कराला लगाम घातला, तशी पैशाची नाडी राज्याच्या हाती गेली.

बाकी टप्पे थोडक्यात: परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणारा १९४४ चा जीआय बिल हा कायदा, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा १९४७ मध्ये अहवाल देणारा उच्चशिक्षण आयोग ('कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं ते त्याच्यामुळे) आणि राज्याच्या उच्चशिक्षणाचा आराखडा ठरवणारा १९६० चा कॅलिफोर्निया मास्टर प्लॅन. या प्लॅनमध्ये हायस्कूल उत्तीर्णांपैकी वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, वरचे एक तृतीयांश स्टेट कॉलेजांना, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. दिसायला उदार, पण पायऱ्या ठरवूनच घातलेल्या आहेत, हे मला खटकतं.

कारण अडचण दाराशी नसते, वरच्या पायरीवर असते. मी स्वतः अशा कॉलेजात दोन वर्षं काढून विद्यापीठात गेलो, तर एक अख्खा विषय त्यांनी क्रेडिटमध्ये धरलाच नाही. नाव वेगळं, म्हणे! अभ्यासक्रम तोच, पुस्तकही तेच.

इथे फ्लोरिडा मला जास्त शहाणं वाटतं. १९५७ पासून त्यांनी राज्यभराचा आराखडा करून, बहुतेकांना घरून ये-जा करता येईल अशी २८ कॉलेजं टप्प्याटप्प्याने उभी केली. १९७१ मध्ये विद्यापीठांशी क्रेडिट मान्य करण्याचा राज्यव्यापी करार केला आणि पुढे विषयांना सामाईक क्रमांकही दिले. कॅलिफोर्नियाने स्टेट युनिव्हर्सिटीत (म्हणजे पूर्वीच्या स्टेट कॉलेजांत) प्रवेशाची हमी देणारी, कम्युनिटी कॉलेजातच मिळणारी खास ट्रान्स्फर पदवी आणली, ती थेट २०१० च्या कायद्याने. तोवर माझ्यासारख्या कितीजणांनी तेच विषय पुन्हा पैसे भरून केले असतील!