वाचकांचे प्रश्न : ग्राफीनमध्ये नायट्रोजन कशासाठी?

प्रश्न : विद्युत स्कूटर घेण्याच्या विचारात असताना एका विक्रेत्याने मला ‘ग्राफीन बॅटरी’ची महती सांगितली. पुढे वाचनात आले की, ग्राफीनमध्ये नायट्रोजन किंवा बोरॉन घातल्यास बॅटरीची क्षमता कितीतरी पटींनी वाढते. शुद्ध पदार्थात परके अणू घातल्याने तो सुधारतो कसा, आणि अशी बॅटरी खरोखर मिळते का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : विक्रेत्याचा मुद्दा आधी निकालात काढू. ‘ग्राफीन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या स्कूटरच्या काही बॅटऱ्या मुळात शिसे-आम्ल प्रकारच्याच असून त्यांच्या प्लेटांमध्ये थोडे ग्राफीन मिसळलेले असते; तेव्हा बॅटरीचा रासायनिक प्रकार आणि तिचे वॉट-तास लेखी मागून घ्यावेत. आपण वाचलेले संशोधन मात्र लिथियम-आयन बॅटरीविषयीचे आहे आणि ते खरे आहे. फक्त त्यातील आकड्यांचा अर्थ जपून लावावा लागतो.

या बॅटरीचा ऋण इलेक्ट्रोड बहुधा ग्राफाइटचा असतो. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या पापुद्र्यांची चळत. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन या पापुद्र्यांच्या मधे शिरतात. परंतु सहा कार्बन अणूंमागे एकच लिथियम सामावत असल्याने ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास (साठवलेल्या विद्युतभाराचे एकक) ही त्याची सैद्धांतिक मर्यादा ठरते. यातला सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. कार्बन अणूंच्या त्याच्या निर्दोष जाळीवर लिथियम नीट धरून राहत नाही. तो टिकतो कडांना आणि जिथे जाळी खंडित झाली आहे तिथे. बोरॉनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असल्याने लिथियमने आणलेला इलेक्ट्रॉन सामावून घेणे त्या जाळीला सोपे जाते. नायट्रोजनकडे एक इलेक्ट्रॉन जास्त असतो. तो जाळीच्या आत बसला तर विद्युतवहन सुधारते, आणि कार्बन अणू नसलेल्या रिकाम्या जागेच्या काठाशी बसला तर तिथे लिथियमला घट्ट धरणारी जागा तयार होते. ग्राफीन ऑक्साइड अमोनिया वायूत तापवूनही असे डोपिंग, म्हणजे परके अणू घालणे, साधता येते.

चीनमधील संशोधकांनी २०११ साली सावकाश चार्जिंगच्या स्थितीत नायट्रोजनयुक्त ग्राफीनसाठी १०४३, तर बोरॉनयुक्त ग्राफीनसाठी ग्रॅममागे १५४९ मिलिअँपिअर-तास नोंदवले. मात्र अशा चाचण्यांत समोरचा इलेक्ट्रोड म्हणून शुद्ध लिथियम धातूचा पत्रा असतो आणि लिथियमचा पुरवठा जवळजवळ अमर्याद असतो. ग्राफीनचे पृष्ठफळ प्रचंड, ग्रॅममागे सुमारे २६०० चौरस मीटरपर्यंत, असल्याने पहिल्याच चार्जिंगमध्ये विद्युतअपघटनी द्रव (इलेक्ट्रोडांमधून आयन वाहून नेणारा द्रव) त्यावर विघटित होऊन थर बनतो आणि त्यात अडकलेले लिथियम परत येत नाही. खऱ्या बॅटरीत लिथियम धन इलेक्ट्रोडमधूनच यायचे असते, त्यामुळे ही तूट थेट क्षमतेतून वजा होते. शिवाय ग्राफीनची भुकटी हलकी व फुगीर असल्याने आकारमानाच्या हिशेबात तिचा फायदा उरत नाही, आणि ऋण इलेक्ट्रोडला हितकारक असे ग्राफाइटसारखे स्थिर, कमी व्होल्टेजही ती देत नाही.

म्हणून माझ्या मते डोपित ग्राफीनचे खरे स्थान पूर्ण इलेक्ट्रोड म्हणून नव्हे, तर इतर पदार्थांचा आधार म्हणून आहे. सिलिकॉन लिथियम घेताना सुमारे तिप्पट-चौपट फुगतो व तडकतो. ग्राफीनच्या आवरणात त्याचे तुकडे विद्युतसंपर्कात राहतात. लिथियम-गंधक बॅटरीत गंधकाची जी संयुगे द्रवात विरघळून निसटतात, त्यांना नायट्रोजनच्या जागा धरून ठेवतात. सोडियमची गोष्ट आणखी वेगळी आहे. साध्या ग्राफाइटमध्ये सोडियम फारसा शिरतच नाही, त्यामुळे सोडियम-आयन बॅटरीसाठी वेगळ्या रचनेचा कार्बन लागतो. पुण्यातील आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि केपीआयटी ही तंत्रज्ञान कंपनी यांनी विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान २०२३ साली जाहीर झाले, ते याच प्रकारच्या बॅटरीचे. अशा कार्बनमध्ये नायट्रोजन वा गंधक घालून पापुद्र्यांमधील अंतर वाढवता येते का, यावर जगभर काम चालू आहे.