थापड नाही, ते हसणं

"बाकीच्यांना काही होत नाही, मलाच का लागतं? माझंच मन कमजोर आहे का?" नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कधी निवासी डॉक्टर विचारतात, कधी सिस्टर. एकीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून.

ती मेडिसिनला दुसऱ्या वर्षाला, भंडारा जिल्ह्यातली. रात्री कॅज्युअल्टीत पेशंट दगावला आणि त्याच्या मुलानं तिला थापड मारली. तेव्हापासून झोप नाही. वॉर्डात कुणाचा आवाज चढला की हात थरथरायचे. मी तीन भेटी श्वास आणि झोप यांतच घालवल्या, ही माझी चूक. चौथ्या भेटीत तीच म्हणाली,

"मॅडम, त्याचा बाप गेला होता. त्याचा राग मला समजते. पण दुसऱ्या दिवशी ड्युटी रूममध्ये एक सिनिअर म्हणाली, कोट्यातल्यांच्या हाती पेशंट दिले की असंच होणार."

"तू काय म्हणालीस?"

"सगळे हसले. मी पण हसली."

आणि मग ती रडली, पहिल्यांदाच.

माणसाचा त्रास त्याच्या आतच उकरत बसू नये, तो कुठून आला ते आधी पाहावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. इथं मीच विसरले होते. मार एकाचा होता, अपमान दुसऱ्याचा, आणि तिनं दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले होते: मीच नालायक.

मी दोन कागद पुढे केले: एक थापडेसाठी, एक त्या वाक्यासाठी. पहिला तिनं भराभर भरला. तिथं वाट ठरलेली आहे: डॉक्टरवर हात उचलणं हा महाराष्ट्रात 2010 च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरा कागद कोराच.

"याला काय म्हणू? गंमतच केली तिनं."

मी गप्प राहिले. (गप्प राहणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.)

"माझी आजी 1956 ला दीक्षाभूमीवर होती," ती हळूच म्हणाली. "आणि मी हसली."

मग तिनं लिहिलं: जात. तारीख, वेळ, नेमके शब्द, खोलीत कोण कोण होतं.

हे तुम्हीही त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार द्यायची की नाही, ते नंतर ठरवा. द्यायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. 2019 मध्ये मुंबईत निवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला, जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला. तेव्हापासून 'गंमत' हा शब्द मी सोडून देत नाही. जगणंच नको वाटत असेल तर थांबू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक दिवसरात्र चालतो.

पुढच्या भेटीत तिनं वेगळंच सांगितलं. गडचिरोलीकडची एक बाई, फक्त गोंडी बोलणारी, गोळ्या घेत नव्हती. "यांना सांगून काही समजत नाही," कुणीतरी म्हणालं.

"मी मान हलवणारच होती, मॅडम."

तिनं गोंडी येणारा एक नातेवाईक शेजारच्या वॉर्डातून शोधून आणला. बाई गोळ्या उपाशीपोटी घेत होती, उलट्या व्हायच्या, म्हणून तिनं त्या बंद केल्या होत्या.

तक्रार अजून दिलेली नाही. दुसरा कागद ॲप्रनच्या खिशात असतो. परवा मेसेज आला: "सहा तास झोपली. पोळा झाला की येते."